शहाणपण कोणाचे?

१

मराठी समीक्षेने दलित साहित्याला जे प्रशस्तिपत्र दिले, त्यात 'अनुभव' हा शब्द सर्वांत ठळक अक्षरांत लिहिलेला आहे. १९७८ साली 'बलुतं' प्रसिद्ध झाले तेव्हापासून अनुभवाची दाहकता, अनुभवाचा अस्सलपणा, अनुभवाचे अनोखेपण ही शब्दकळा परीक्षणांतून, प्रस्तावनांतून आणि अध्यक्षीय भाषणांतून अखंड वापरली गेली. ती खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण या प्रशस्तिपत्रात एक रकाना मोकळा राहिलेला आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. दलित लेखकाने सोसले, हे मान्य. त्याने जे सोसले ते आम्हाला ठाऊक नव्हते, हेही मान्य. परंतु त्या सोसण्यावर त्याने विचार केला, त्यातून त्याला माणसाविषयी आणि समाजाविषयी काही उमगले, आणि जे उमगले ते इतरांनी शिकावे असे आहे, एवढे मान्य करताना प्रस्थापित समीक्षेची लेखणी अडखळते.

काही वर्षांपूर्वी एका परिसंवादात मी बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' वर निबंध वाचला. समारोप करणाऱ्या विद्वानांनी तोंडभरून कौतुक केले आणि अखेरीस म्हणाले, "अनुभव तुम्हा लोकांकडे भरपूर आहे, आता त्याला चिंतनाची जोड मिळाली पाहिजे." त्यांच्या मनात काही वाईट होते असे मला वाटत नाही. पण बेबीताईंच्या पुस्तकात चिंतन नेमके कोठे कमी पडते, हे त्यांनी दाखवले नाही, आणि सभागृहातल्या कोणी विचारलेही नाही. हे वाक्य पुराव्याशिवाय खरे धरण्याची आपल्या विद्वत्सभांना सवय झालेली आहे.

बाबासाहेबांनी १९३६ साली जातिव्यवस्थेला श्रमांची विभागणी म्हणण्यास नकार दिला आणि ती श्रमिकांची विभागणी आहे असे ठासून सांगितले. वाङ्मयाच्या प्रांतातही तीच विभागणी चालू आहे: सोसणारे एकीकडे, त्या सोसण्याचा अर्थ लावणारे दुसरीकडे. गोपाळ गुरू यांनी २००२ साली भारतीय समाजशास्त्रांवर हाच आरोप केला. सिद्धान्त मांडायचा ब्राह्मणाने आणि माहिती गोळा करायची शूद्राने, अशी तिथली वर्णव्यवस्था आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता.

म्हणून 'शहाणपण म्हणजे काय आणि ते माणसाला मिळते कसे' हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञानाच्या वर्गापुरता नाही. कोणाच्या बोलण्याला शहाणपण म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा त्याचा गाभा आहे. या लेखात मी तो काही आत्मकथनांच्या आधारे तपासणार आहे. त्यांपैकी दोन मी राहते त्या कर्वेनगरच्या मातीतली आहेत आणि दोन आपल्या स्त्रियांची. ही पुस्तके सहसा शेजारी ठेवून वाचली जात नाहीत. ती तशी वाचली पाहिजेत, असे माझे मत आहे.

२

आधी शब्दाकडे पाहू. 'शहाणा' हा शब्द 'सज्ञान' या संस्कृत शब्दापासून आला. कायद्यात सज्ञान म्हणजे आपला निर्णय आपण घेण्यास पात्र झालेला माणूस. पण घरात 'शहाणं बाळ' कोणाला म्हणतात? जे सांगितलेले ऐकते, त्याला. म्हणजे सज्ञान होणे हे स्वतः ठरवणे होते, आणि शहाणे होणे हे मुकाट्याने ऐकणे झाले. शब्दाच्या या प्रवासात आपल्या समाजाचा इतिहास दडलेला आहे.

मराठीत 'शहाणपण' आणि 'शहाणपणा' असे दोन शब्द आहेत. पहिल्याला मान आहे. दुसरा बहुधा ठपका ठेवण्यासाठी वापरला जातो. दोहोंत फरक फक्त एका कान्याचा! पाटील चावडीवर बोलला की ते शहाणपण, आणि त्याच चावडीच्या पायरीखाली उभ्या असलेल्या येसकराने तेच म्हटले की तो शहाणपणा. नवरा बोलला की शहाणपण, बायकोने तोंड उघडले की "जास्त शहाणपणा शिकवू नकोस." प्रथम वर्षाच्या वर्गात मी मुलामुलींना 'शहाणपणा' हा शब्द वापरून एक वाक्य लिहायला सांगते. जवळजवळ प्रत्येक वहीत 'नको' किंवा 'नकोस' हा शब्द असतोच. आणि ते वाक्य कोणी कोणाला उद्देशून म्हटले असेल, असे विचारले की बोलणारा वरचा आणि ऐकणारा खालचा, हेही मुले न चुकता सांगतात. 'दीडशहाणा' आणि 'अतिशहाणा' हे शब्दही ज्याने आपली पायरी ओलांडली त्याच्यासाठीच राखून ठेवलेले आहेत.

म्हणींचेही तेच. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण सहज म्हणून जातो. ज्याचे गावात वजन आहे, ज्याचा तंटा गावकीतच त्याच्या बाजूने मिटतो, त्याला ही म्हण शोभते. ज्याला गावकीत न्याय नाही त्याने कोठे जावे? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. सनातन्यांनी न्यायालयात धाव घेतली. ती पायरी चढताना त्यांना ही म्हण आठवली नाही. तो दावा मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला. दहा वर्षे कोर्टाची पायरी झिजवणारे हे लोक मराठी म्हणीच्या हिशेबाने शहाणे नव्हते. पण त्यांच्यामुळे तळ्याच्या पाण्याचा हक्क कायद्याने सिद्ध झाला.

तेव्हा परंपरेने आपल्याला जे 'शहाणपण' शिकवले, ते बहुतांशी आपली जागा ओळखून वागण्याचे शिक्षण होते. ते शहाणपण नाकारणे ही आपल्या शहाणपणाची पहिली पायरी आहे. परंतु नुसत्या नकाराने पुढची वाट सापडत नाही. ती कशी सापडते, हे माणसांच्या आयुष्यांतच पाहावे लागेल.

३

कर्वेनगर हे नाव तसे अलीकडचे. मूळ गाव हिंगणे बुद्रुक. आज येथे सोसायट्या आहेत, मुलींची वसतिगृहे आहेत, स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासिका आहेत, आणि वडार वस्तीही आहे. दगडाची शीर कोठून जाते, छिन्नी कोठे लावली की तो सरळ फुटेल, हे नजरेने ओळखणारी माणसे त्या समाजात पिढ्यान् पिढ्या झाली. त्या ज्ञानाला कोणी पदविका दिली नाही. शहराची घरे आणि रस्ते मात्र त्या ज्ञानावर उभे राहिले.

धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. त्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली आणि १९०० साली हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत आश्रम आणला. दिवसभर महाविद्यालयात शिकवून ते पायी हिंगण्याला जात. त्यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात अलंकार नाहीत, आव नाही. हिशेबाच्या वहीसारखा माणूस आपले आयुष्य मांडतो. मराठी आत्मचरित्रांत हा गुण दुर्मीळ आहे आणि तो आपण मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे.

पण याच आश्रमाच्या दाराशी आणखी एक घटना घडली. विठ्ठल रामजी शिंदे यांनी आपली बहीण जनाक्का हिला येथे ठेवण्याचा प्रयत्न केला. ती ब्राह्मण नव्हती, म्हणून तिला प्रवेश मिळाला नाही. शिंदे यांनी आपल्या आठवणींत ही गोष्ट नोंदवली आहे. ती मराठा होती. मराठ्याच्या मुलीची ही कथा, तर महार-मांगांच्या मुलीने त्या माळाकडे पाहायचेच कारण नव्हते! लोकांच्या वर्गणीवर चालणारी संस्था लोकमत दुखावून कशी चालेल, असे समर्थन यावर करता येते आणि केले गेलेही आहे. ते व्यवहारी शहाणपण होते. विधवेचे दुःख ओळखण्याइतके मन मोठे होते, पण ते दुःख ज्या व्यवस्थेतून येते तिचे दुसरे टोक पाहण्याइतकी नजर त्या वेळी लांब गेलेली नव्हती. तीच जनाक्का पुढे, १९०६ साली शिंदे यांनी काढलेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनच्या कामात अस्पृश्यांच्या मुलांसाठी राबली. दार बंद झालेल्या बाईने दुसऱ्यांसाठी दार उघडण्याच्या कामात हात घातला.

कर्व्यांची गोष्ट मात्र येथे संपत नाही, आणि माझ्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. विधवांपासून सुरुवात करून ते १९०७ साली सर्व मुलींच्या विद्यालयाकडे आले, १९१६ साली महिला विद्यापीठाकडे आले, १९३६ साली खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणाकडे आले, आणि १९४४ साली, वयाच्या ८६ व्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी समता संघ स्थापन केला. ज्या प्रश्नाला त्यांनी आश्रमाच्या दारात बगल दिली होती, तो प्रश्न त्यांनी अखेर स्वतःहून हाती घेतला. त्याच वर्षीच्या जानेवारीत शिंदे यांचे निधन झाले. कर्व्यांना हे शहाणपण कोणत्या ग्रंथातून मिळाले? एक काम हाती घेतले की ते पुढचा प्रश्न समोर आणते. त्या प्रश्नाला नाही म्हणता येते. बहुतेक जण म्हणतात. कर्व्यांनी उशिरा का होईना, 'हो' म्हटले. उशीर किती झाला आणि त्या उशिराची किंमत कोणी मोजली, हे विचारण्याचा आपला हक्क त्यामुळे कमी होत नाही.

त्याच १९४४ साली आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' प्रसिद्ध झाले. या बाई म्हणजे पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, १८८९ साली पंडिता रमाबाईंनी उघडलेल्या शारदासदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. पुराण म्हणजे पवित्र ग्रंथ, आणि पुराण म्हणजे कंटाळवाणे लांबण; नावातच त्यांनी स्वतःची थट्टा केली आहे. नवरा सर्वस्व संस्थेला देतो तेव्हा घरातला डबा रिकामा राहतो, आणि तो डबा बायकोच्या हातात असतो, हे या पुस्तकातून कळते. 'आत्मवृत्ता'तून त्यागाची महती कळते. त्या त्यागाचा खर्च कोणाच्या नावावर पडला, ते 'माझे पुराण' सांगते. थोर पुरुषाच्या शेजारी उभ्या असलेल्या, कमी शिकलेल्या बाईला त्या थोरपणाची दुसरी बाजू दिसते, आणि ती ते कडवटपणाशिवाय सांगते. याला मी शहाणपण म्हणते.

४

आता आपल्या घरात येऊ. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ साली आले. त्यातला त्यांच्या संस्कृत शिक्षणाविषयीचा लेख आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. नागपूरच्या महार समाजातली मुलगी संस्कृत घेऊन एम. ए. होते. मनापासून शिकवणारे गुरुजीही तिला भेटतात. परंतु पदवी हातात घेऊन ती दारोदार फिरते तेव्हा नोकरी मिळत नाही. मिळते ती आंतरजातीय विवाहानंतर, आडनाव बदलल्यावर. विद्या तीच, माणूस तोच; बदलले ते आडनाव. कुमुदताई हा सगळा प्रकार सांगून थांबत नाहीत. नोकरी कुमुद सोमकुवरला मिळाली की कुमुद पावडेला, हा प्रश्न त्या स्वतःला विचारतात, आणि त्याचे उत्तर गोड करून सांगत नाहीत. स्वतःच्या यशाच्या पोटात दडलेला अपमान यशाच्याच क्षणी ओळखणे, हे केवळ सोसणाऱ्याचे काम नव्हे. हे चिंतन आहे. 'चिंतनाची जोड' हवी म्हणणाऱ्यांनी हा लेख पुन्हा वाचावा.

बेबी कांबळे यांची वाट निराळी. फलटणला त्यांचे किराणा दुकान होते. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीच्या कागदांतून त्यांनी वाचनाची भूक भागवली, आणि आपले लिखाण घरच्यांपासून अनेक वर्षे लपवून ठेवले. 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तक झाले. पुस्तकाचे नाव 'जिणं माझं' नाही, 'जिणं आमुचं' आहे. हे अनेकवचन भाषेच्या सवयीने आलेले नाही. बेबीताई वाड्यातल्या माणसांचे दारिद्र्य सांगतात, गावाने केलेला अपमान सांगतात, आणि त्याच दमात आपल्याच वाड्यात सुनांचे काय हाल होत, अंगात येणे आणि पोतराज सोडणे यांनी आपली माणसे कशी जखडली गेली, हेही सांगतात. गावाने आम्हाला गुलाम केले, आणि गुलामांनी घरात आणखी एक गुलाम केला. ही गोष्ट स्वतःच्या समाजाविषयी लिहायला फार मोठे धैर्य लागते. शत्रूला हत्यार मिळेल या भीतीने ते लपवण्याचा मोह कोणालाही होईल. बाबासाहेबांची शिकवण वाड्यात पोचल्यावर बायकांच्या मनांत काय उलथापालथ झाली हे त्या लिहितात, आणि शिकून वर गेलेल्यांनी मागे वळून पाहिले नाही, याचा जाबही विचारतात.

या दोन पुस्तकांना एकोणिसाव्या शतकात एक पूर्वज आहे. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा ग्रंथ कोणता आणि आमचा धर्म कोणता, असा त्या मुलीचा रोख होता. तिच्या आईला, आजीला दुःख तिच्याहून कमी नव्हते. पण ते दुःख प्रश्नाच्या रूपात उभे करण्याचे साधन तिला शाळेने दिले. आणि शाळेत तर त्या काळी पुण्यातली कितीतरी मुले शिकत होती. त्यांना हा प्रश्न सुचला नाही, कारण त्यांच्यापाशी ते दुःख नव्हते. मुक्तापाशी दोन्ही होते.

त्याच साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. त्यातल्या कुणब्याला आणि त्याच्या गरोदर बायकोला जोशी ग्रहांची भीती घालून लुबाडतो. हे जोडपे काही बावळट नाही. शेत, पाऊस, जनावर, कर्ज यांचा त्यांना पुरेपूर अनुभव आहे. तरी ते फसतात. मग वाद होतो, प्रश्न विचारले जातात, आणि अखेरीस ते शिकायला निघतात. अनुभव हाच गुरू असता, तर या देशातला शेतकरी आणि अस्पृश्य सर्वांत आधी शहाणा झाला असता आणि त्याची फसवणूक कधीच थांबली असती. फुल्यांना हे कळले होते.

५

मग अनुभवाचे शहाणपण होते कसे? पाली परंपरेत पञ्ञेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सुतमय, म्हणजे ऐकून मिळालेली, चिंतामय, म्हणजे स्वतः विचार करून मिळालेली, आणि भावनामय, म्हणजे सतत आचरणाने अंगी मुरलेली. येथे 'भावना' म्हणजे मनाचा कढ नव्हे. वाढवणे, जोपासणे असा तिचा अर्थ आहे. ही वर्गवारी भिक्खूच्या साधनेसाठी असली तरी ती वाड्यावस्तीलाही लागू पडते. माझ्या घरातलेच उदाहरण देते.

माझे आजीआजोबा १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातून पुण्यात आले. आजोबा बांधकामावर बिगारी, आजी कर्वे रस्त्याच्या बाजूला चार घरची धुणीभांडी करी. त्या चारही घरांत तिचा चहाचा कप खिडकीत निराळा ठेवलेला असे. आजीला त्याचे वाईट वाटे. पण ती म्हणे, नशीब. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आजी त्या बैठकांना जाऊ लागली. पगार आणि सुट्टी यांचे बोलणे चालले असता कपाचाही विषय निघाला. तोवर प्रत्येकीला वाटत होते की कप आपलाच निराळा आहे. आजी पुढे आम्हा नातवंडांना सांगत असे, "एकीचाच कप येगळा असला तर म्हनावं नशीब. समद्यांचेच येगळे, मग ती त्यांची रीत हाय. रीत मोडता येती."

आजीला सही करता येत नव्हती. पण 'नशीब' आणि 'रीत' यांतला हा भेद समाजशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून मला अधिक स्पष्ट वाटतो. तो तिला दुःखाने शिकवला नाही. दुःख तर ती आठ वर्षे भोगत होती. वयानेही शिकवला नाही. तिच्याहून वयस्क बाया नशिबाच्या नावाने बोटे मोडीत गेल्या. बैठकीत दुसऱ्या बायकांचे ऐकले, आपल्याशी ताडून पाहिले, आणि मग वेगळा कप नाकारून पाहिला. एका घरचे काम त्यापायी गेले. दुसऱ्या घरात सगळ्यांबरोबरचा कप मिळाला. ऐकणे, विचार करणे, आणि स्वतः करून पाहणे या तिन्ही पायऱ्या ती चढली. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. त्याच्या मागे अशा हजारो बायांची समज उभी आहे.

यातून मला एक गोष्ट ठाम सांगावीशी वाटते. शहाणपण ही एकट्या माणसाची कमाई नसते. डोंगरावर जाऊन बसलेला, पांढऱ्या दाढीचा ज्ञानी हे चित्र आपल्याला लहानपणापासून दाखवले जाते. आपल्या लोकांचा इतिहास वेगळे सांगतो. आपले दुःख दुसऱ्याच्या दुःखाशेजारी ठेवण्याची सोय झाली, म्हणजे शाळा झाली, सभा झाली, संघटना झाली, तेव्हा आपल्याकडे शहाणपण आले. म्हणूनच व्यवस्थेने आपल्याला आधी एकत्र बसण्यास मज्जाव केला आणि मग आपल्याला अडाणी ठरवले.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यात सद्धम्माची लक्षणे सांगताना त्यांनी एक क्रम लावला आहे. विद्या सर्वांना खुली हवी, पण केवळ विद्या पुरेशी नाही, कारण तिची पोपटपंची होऊ शकते, प्रज्ञा हवी. प्रज्ञाही पुरेशी नाही. तिला शीलाची जोड हवी. शीलापलीकडे करुणा आणि करुणेपलीकडे मैत्री हवी. दोन खंडांतल्या विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेला माणूस आयुष्याच्या अखेरीस विद्येला पुरेशी मानत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याच वेळी ती सर्वांना खुली असली पाहिजे ही अट तो सर्वांत आधी घालतो, हेही. ज्यांच्या घरात विद्या पिढीजात आहे त्यांनी 'पुस्तकी शिक्षणात काय ठेवले आहे, खरे शहाणपण अनुभवात' असे आपल्याला ऐकवू नये. आधी दार उघडू द्या, विद्येच्या मर्यादा आम्ही आत आल्यावर ठरवू.

६

हा निकष आता स्वतःलाही लावला पाहिजे. आपल्या काही लेखनात वेदनेचे वर्णन हेच साध्य होऊन बसले आहे. आत्मकथनांचा एक ठराविक साचा तयार झाला: भूक, शाळेतला अपमान, आईचे कष्ट, पदवी. प्रस्थापित वाचकाला हा साचा आवडतो, कारण त्याला हळहळता येते आणि शेवटी पदवी मिळाली म्हणून निश्चिंतही होता येते. सुतमयाच्या पायरीवरच ही पुस्तके थांबतात. वाचणाऱ्याने ऐकले, हळहळला, पुस्तक मिटले.

शिकलेल्यांविषयी तर अधिक कठोर बोलावे लागेल. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांनी आपला विश्वासघात केल्याची खंत जाहीरपणे बोलून दाखवली. आमच्या कर्वेनगरच्या अभ्यासिकांत खेड्यापाड्यांतून आलेली आपली मुलेमुली सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्चीला खिळलेली असतात. कोणत्या साली कोणता कायदा झाला हे त्यांना मुखोद्गत असते. त्या कायद्यासाठी कोण रस्त्यावर बसले होते, हे परीक्षेत विचारत नाहीत, म्हणून ते त्यांना माहीत नसते. दोष त्यांचा नाही. पोटाची निकड मोठी आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनाही ती निकड ठाऊक आहे. पण माहितीला शहाणपण समजण्याची चूक आपल्या चळवळीला परवडणारी नाही. साहेब झालेल्या मुलाने आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवला, तर त्याची सगळी विद्या व्यर्थ गेली. शीलाशिवाय प्रज्ञा अपुरी, असे बाबासाहेब म्हणाले त्याचा अर्थ इतका साधा आणि इतका जवळचा आहे.

शेवटी समीक्षेकडे येते. कोणतेही आत्मकथन हाती घेतले, ते 'आत्मवृत्त' असो वा 'जिणं आमुचं', तर समीक्षकाने त्याला तीन प्रश्न विचारावेत. या माणसाने आपले दुःख कोणाच्या दुःखाशेजारी ठेवून पाहिले? त्यातून त्याला कोणता प्रश्न पडला, जो आधी कोणी विचारला नव्हता? आणि तो प्रश्न विचारल्यावर त्याच्या वागण्यात काय बदलले, विशेषतः त्याच्याहून दुबळ्या माणसाशी? या कसोटीवर कर्वे उशिरा उतरतात, पण उतरतात. आनंदीबाई दुसऱ्या प्रश्नाला पूर्ण उतरतात; जातीच्या प्रश्नापर्यंत मात्र 'माझे पुराण' पोचत नाही. कुमुद पावडे आणि बेबी कांबळे तिन्ही प्रश्नांना उतरतात, आणि त्याही स्वतःला व स्वतःच्या माणसांना न सोडता. 'अनुभवाचे साहित्य' म्हणून त्यांना एका कोपऱ्यात बसवण्याचा अधिकार मग कोणाला उरतो?

ज्यांना या पुस्तकांत चिंतन दिसत नाही त्यांच्याशी वाद घालण्यात आपण बराच काळ घालवला. यापुढे आपल्या वस्तीतल्या बैठकांतून, वसतिगृहांतून, वाचनालयांतून ही पुस्तके मोठ्याने वाचावीत, आणि वाचून झाल्यावर ऐकणाऱ्या बायांना विचारावे, "तुमचं कसं आहे?" त्या जे बोलतील ते कोणीतरी लिहून ठेवावे. मराठी समीक्षेचे पुढचे शहाणपण तेथून यायचे आहे.